सर आर्नोल्ड थायलर

ज्यांच्या घरीं गुरेंढोरें आहेत त्यांस गोचीड काय तें सांगावयास नको. ह्या क्षुद्र प्राण्याच्या दंशानें गुरांच्या रक्तांत जे रोग शिरतात, त्यांच्या शोधांत ज्यांनीं आयुष्य वेंचिलें त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

आर्नोल्ड थायलर ह्यांचा जन्म १८६७ सालीं स्वित्झर्लंडांतील फ्रिक ह्या गांवीं झाला. पशुवैद्यकाचा अभ्यास पुरा करून १८९१ सालीं ते दक्षिण आफ्रिकेंत गेले. तेथें एका शेतावर नोकरी करीत असतां यंत्रांत सांपडून त्यांचा डावा हात गेला. देश परका, गांठीस पैसा नाहीं, आणि आतां हातहि एकच! दुसरा कोणी असता तर त्यानें घरची वाट धरली असती. थायलर राहिले. १८९३ सालीं जोहान्सबर्ग येथें देवीची सांथ आली, तेव्हां त्यांनीं लस तयार करून दिली. पुढें बुळकांडीच्या सांथींतहि त्यांनीं पुष्कळ श्रम केले. १९०८ सालीं प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टेपूर्ट येथें त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली.

त्या देशांत गुरें फिकट पडत, त्यांस कावीळ होई व तीं मरत. पुष्कळांस हा तांबड्या लघवीच्या रोगाचाच एक प्रकार वाटे. १९१० सालीं थायलर ह्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं तांबड्या रक्तपेशींच्या कडेस बारीक ठिपके पाहिले, व हा रोग निराळा असें ठरविलें. त्या जंतूस त्यांनीं ॲनाप्लाझ्मा मार्जिनेल असें नांव दिलें. ठिपका पेशीच्या मध्यभागीं असणारा एक सौम्य जंतुहि त्यांस आढळला. त्याचीच लस कांहीं देशांत आजहि टोंचतात.

एका बाबतींत मात्र त्यांचा तर्क चुकला. हे ठिपके त्यांस आदिजीव वाटले. ते बॅक्टेरिया आहेत हें पुढें सिद्ध झालें. शिवाय, बरें झालेलें जनावर आंतून रोग बाळगून असतें, आणि जंतु इतके विरळ असतात कीं सूक्ष्मदर्शकास ते दिसत नाहींत. असें धडधाकट दिसणारें जनावर विकत घेऊन गोठ्यांत बांधलें, म्हणजे गोचिडांमार्फत सर्व गोठ्यास धोका. आज पीसीआर ह्या रीतीनें रक्ताच्या थेंबांतील जंतूच्या डीएनएचा ठराविक तुकडा दर फेरीस दुप्पट करीत नेतात. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होऊं शकतात, आणि लपलेला जंतु सांपडतो. एका हातानें कांचपट्ट्या लावणाऱ्या थायलर ह्यांस हें पाहावयास मिळालें नाहीं.

१९३६ सालीं लंडन येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांचे चिरंजीव मॅक्स ह्यांस पीतज्वरावरील कार्याबद्दल १९५१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.