रुडॉल्फ कॉख : ठळक अक्षरांचे शिल्पकार



सुलेखन शिकवताना आपण मुलांना दाखवतो की बोरूचं टोक तिरपं कापलेलं असतं, म्हणून एक रेघ जाड येते आणि एक बारीक. जुन्या पाट्या, जाहिराती, पुस्तकांची मुखपृष्ठं यांवरची ठळक, नक्षीदार अक्षरं अशाच हाताच्या वळणातून जन्मली. रुंद टोकाच्या टाकाने लिहिलेलं असं अक्षर छपाईच्या खिळ्यांत उतरवणाऱ्या एका जर्मन कलावंताची ही ओळख.

बालपण आणि उमेदवारी

रुडॉल्फ कॉख यांचा जन्म २० नोव्हेंबर १८७६ रोजी न्यूरेंबर्ग इथे झाला. वडील शिल्पकार होते, पण ते लवकर वारले. रुडॉल्फ हानाऊ गावी धातूकामाच्या कारखान्यात उमेदवारी करू लागले, जोडीला कलाशाळेत जात. पुढे चित्रकला शिक्षक व्हावं म्हणून म्युनिकला शिकले, पण तेव्हा ते काही जमलं नाही.

अक्षरांचं काम

१९०६ मध्ये ते ऑफेनबाखच्या क्लिंगस्पोर टाइप फाउंड्रीत लागले. तिथे त्यांनी केलेला पहिला टाइप म्हणजे 'डॉयचे श्रिफ्ट'. जाड, टोकदार, जुन्या जर्मन वळणाचा. बघताच कळतं, हे टाकाने लिहिलेलं आहे! पहिल्या महायुद्धात ते सैनिक म्हणून आघाडीवर गेले. परत आल्यावर पुन्हा अक्षरांकडेच वळले.

१९२३ चा 'न्यूलँड' तर आणखी वेगळा. नेहमी आधी कागदावर अक्षर काढतात, मग कारागीर धातूत कोरतो. कॉख यांनी कागद बाजूलाच ठेवला आणि पोलादाच्या ठशावर स्वतः थेट अक्षर कोरलं. त्यामुळे प्रत्येक आकारातलं अक्षर थोडं निराळं आहे. 'जुरासिक पार्क' चित्रपटाचं नाव आठवतंय ना? ते याच वळणाचं!

शिक्षक कॉख

जे म्युनिकला हुकलं ते ऑफेनबाखला मिळालं. तिथल्या कलाशाळेत त्यांनी सुलेखन शिकवलं, मुलांना हाताशी घेऊन काम केलं. फ्रिट्झ क्रेडेल, बर्थोल्ड वोल्पे हे त्यांचेच विद्यार्थी. ९ एप्रिल १९३४ रोजी कॉख गेले. पण शिकवणं थांबलं नाही. १९३५ मध्ये न्यूरेंबर्गला त्यांच्या स्मरणार्थ प्रदर्शन भरलं. ते बघून हर्मन झाप्फ नावाच्या एका मुलाने कॉख यांचं पुस्तक विकत घेतलं आणि घरी बसून स्वतःच सुलेखन शिकला. आपल्या संगणकातला 'पॅलाटिनो' हा फॉन्ट पुढे त्यानेच केला.

वर्गात काय करता येईल?

मुलांना रुंद टोकाचा बोरू द्या आणि फलकाचं फक्त शीर्षक लिहायला सांगा. अशी ठळक अक्षरं शीर्षकालाच शोभतात, सगळा मजकूर तसा लिहिला तर वाचताना डोळे दुखतात. फॉन्ट निवडणं एका क्लिकचं काम आहे, पण अक्षर कळायला हात चालवावाच लागतो. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाची सुरुवात अशा एका फलकापासूनही होऊ शकते, नाही का?