प्रार्थनेला चाल देणारा माणूस

माथेरानला सकाळी जाग येते ती घोड्यांच्या टापांनी. पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. त्यामुळे शहरात कधी कानांवर न पडणारे बारीकसारीक आवाज इथे स्वच्छ ऐकू येतात. दिवाळीनंतर चार दिवस आम्ही सारे तिथे होतो. एका सकाळी नातवाला घेऊन लाल मातीच्या वाटेने बाजाराकडे निघालो, तर झाडांआडून शाळेची प्रार्थना ऐकू आली. 'ए मालिक तेरे बंदे हम'. नातू थबकला. आमच्या शाळेतही हीच आहे म्हणाला आणि लगेच विचारता झाला की, आजोबा, ही केली कुणी? शब्द भरत व्यासांचे, आवाज लता मंगेशकरांचा आणि चाल वसंत देसाईंची, असे मी सांगितले. वसंत देसाई कोण, हा त्याचा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर मला परतीच्या गाडीपर्यंत पुरले.

कुडाळजवळचे सोनवडे हे वसंतरावांचे गाव. तेव्हा ते सावंतवाडी संस्थानात होते. 9 जून 1912 हा त्यांचा जन्मदिवस. दशावतार आणि भजनांच्या त्या मुलखातून हा मुलगा कोल्हापुरात आला आणि नुकत्याच सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीत शिरला. पडेल ते काम करायचे, छोटी भूमिका मिळाली तर करायची, गायला सांगितले तर गायचे, अशी ती उमेदवारी होती. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव अशा थोरांचे काम त्यांना तिथे जवळून पाहायला मिळाले. पुढे व्ही. शांताराम यांनी प्रभात सोडून मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभारले, तेव्हा वसंतरावही त्यांच्याबरोबर गेले. 1943 च्या 'शकुंतला'ने संगीतकार म्हणून त्यांचे नाव झाले.

'झनक झनक पायल बाजे', 'गूंज उठी शहनाई', 'अमर भूपाळी' ही नावे घराघरांत ठाऊक आहेत. पण मला त्यांच्या आयुष्यातला दुसराच एक धागा दिसतो. तो सुरू होतो 1946 च्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'पासून. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटनीस 1938 मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानी आक्रमणात जखमी झालेल्या सैनिकांची त्यांनी शुश्रूषा केली आणि 1942 मध्ये तिथेच देह ठेवला. परक्या माणसांसाठी झिजलेल्या त्या मराठी तरुणाच्या चित्रपटाचे संगीत वसंतरावांचे होते.

मग 1957 साली 'दो आंखें बारह हाथ' आला. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग त्यामागे होता आणि कथा ग. दि. माडगूळकरांची होती. सहा खुनी कैद्यांना भिंतींबाहेर आणून माणसात आणू पाहणारा तुरुंगाधिकारी शांतारामबापूंनी स्वतः रंगवला. चित्रपटाला बर्लिनच्या महोत्सवात मान मिळाला. पण आपल्याकडे तो घरोघरी पोचला तो त्या प्रार्थनेने. वाईट वागणाऱ्याचेही भले करण्याचे बळ मागणाऱ्या त्या शब्दांना वसंतरावांनी अशी चाल दिली की, गळा तयार नसलेल्यालाही ती म्हणता यावी. हरकती-मुरक्या जवळजवळ नाहीत. एखाद्याचा सूर हलला तरी समूह त्याला सांभाळून घेतो. कैद्यांसाठी बांधलेली चाल शाळेतल्या मुलांना इतकी शोभून दिसली, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

इथे नातवाने मला अडवले. त्याला युद्धाची गाणी आवडतात. वसंतरावांनी तशी केली नाहीत का, असे त्याने विचारले. केली होती. ज्या चीनसाठी कोटनीसांनी प्राण वेचले, त्याच चीनशी 1962 मध्ये आपले युद्ध झाले. त्यानंतरच्या 'छोटा जवान' चित्रपटात 'जिंकू किंवा मरू' हे गीत आले. शब्द माडगूळकरांचे, चाल वसंतरावांची. म्हणजे कैद्यांना माणूस करणारी कथा लिहिणारा आणि तिला प्रार्थनेचा सूर देणारा, हे दोघेच रणगीतासाठीही एकत्र आले. मग खरे वसंतराव कोणते? मला यात विसंगती वाटत नाही. घरावर चालून आलेल्याला अडवायचे, पण मनात वैर मुरू द्यायचे नाही, हे अवघड काम आहे. ते जमते की नाही, हे युद्ध संपल्यावर कळते.

वसंतरावांच्या बाबतीत ते कळले 1966 मध्ये. पाकिस्तानशी झालेल्या युद्धाला जेमतेम वर्ष झाले होते. 23 ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मी गायल्या. मैफलीत एक नवी संस्कृत रचना होती, 'मैत्रीं भजत'. ती कांचीच्या शंकराचार्यांनी, चंद्रशेखरेंद्र सरस्वतींनी रचली होती. सगळ्यांशी मैत्री करा, युद्ध सोडा, दुसऱ्याचे बळकावू नका, असा तिचा आशय. तिची चाल वसंत देसाईंची. शब्द तमिळ मुलखातल्या संन्याशाचे, गळा कर्नाटक संगीताचा आणि स्वररचना कोकणातून आलेल्या सिनेमातल्या माणसाची! जगाच्या दारात आपण मागितलेले मागणे असे तिघांनी मिळून मागितले.

1971 च्या 'गुड्डी'त त्यांनी आणखी एक प्रार्थना दिली, 'हम को मन की शक्ति देना'. वाणी जयराम यांनी गायिलेली तीही शाळाशाळांतून रुजली. दुसऱ्यावर मात करण्याआधी स्वतःला जिंकायचे, हा तिचा भाव. त्याच वर्षअखेरीस पुन्हा युद्ध झाले. प्रार्थनांनी युद्धे थांबत नाहीत, हे वसंतरावांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. 22 डिसेंबर 1975 रोजी मुंबईत राहत्या इमारतीतल्या लिफ्टच्या अपघाताने त्यांना नेले. वय अवघे 63.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही मुद्दाम त्याच वाटेने गेलो. मुले पुन्हा गात होती. एक-दोन आवाज पुढे पळत होते, एक मागे रेंगाळत होता, तरी चाल मोडली नाही. नातू आमच्याकडच्या पिशव्या खाली ठेवून, हात जोडून उभा राहिला. त्याला कुणी सांगितले नव्हते. प्रार्थना संपल्यावर घोडे पुन्हा चालू लागल्याचे ऐकू आले आणि आम्ही स्टेशनची वाट धरली.