झाकणावरचे वजन

एखाद्या शास्त्रज्ञाचे चरित्र सांगायचे तर ते त्याच्या जन्मापासून सुरू करावे, अशी रीत आहे. मी मात्र आमच्या डिचोलीच्या घरातील स्वयंपाकघरापासून सुरुवात करणार आहे. कारण ज्या माणसाविषयी लिहायचे आहे त्याचे म्हणणे मला वेळीच कळले असते, तर त्या स्वयंपाकघरात एक अपघात टळला असता.

गोष्ट १९८१ सालची. मी तेव्हा नववीत होतो. आमच्याकडे प्रेशर कुकर येऊन दोनेक वर्षे झाली होती. त्याच्या झाकणावर शिट्टीखेरीज आणखी एक लहानसा भाग असतो. त्याला घरोघरी सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात. त्यात लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा एक ठिपका असतो. पाणी आटले किंवा शिट्टीची नळी तुंबली, की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. आमचा व्हॉल्व्ह वर्षभरात तीन वेळा गेला. प्रत्येक वेळी नवा आणायला म्हापशाला जावे लागे. बसभाडे वेगळे, व्हॉल्व्हचे पैसे वेगळे. तिसऱ्या वेळी मी झाकण घेऊन रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो आणि त्या भोकात पितळी बोल्ट घट्ट बसवून आणला. पैसे वाचवले म्हणून मला मोठा अभिमान वाटला. व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा का जातो, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात आला नाही.

पंधरा दिवसांनी काकीने चवळी शिजायला लावली होती. चवळीचे साल नळीत अडकले. शिट्टी वाजेना, स्टोव्ह चालूच होता. काकी जवळ गेली आणि झाकण उडाले. वरची दोन कौले फुटली आणि काकीचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला.

माझे मामा मूळचे पेडण्याचे. डिचोली भागातील एका लोहखनिजाच्या खाणीवर ते कंप्रेसर चालवीत आणि आमच्याकडेच राहत. दुसऱ्या दिवशी त्यांनी झाकण हातात घेतले, बोल्ट पाहिला आणि माझ्याकडे पाहिले. बोलले काहीच नाहीत. पुढच्या रविवारी ते मला खाणीवर घेऊन गेले. सुरुंगाची भोके पाडणाऱ्या ड्रिलना हवा पुरवणारी लोखंडी टाकी तेथे होती. आत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलोग्रॅम दाबाची हवा कोंडलेली. टाकीच्या माथ्यावर स्प्रिंगची झडप आणि तिच्यावर शिशाचे सील. मामांनी झडपेची कडी ओढून दाखवली. हवा किंचाळत बाहेर आली. त्या सीलला हात लावायची परवानगी खुद्द त्यांनाही नव्हती, एवढेच त्यांनी मला सांगितले.

पुढे बी.एस्सी.ला असताना ग्रंथालयात एका जुन्या पुस्तकात अशा झडपेच्या जनकाचे नाव सापडले: डेनिस पापँ. इंग्रजी पुस्तके त्याला पापिन म्हणतात. तेव्हापासून या माणसाविषयी मिळेल ते मी वाचत आलो आहे.

पापँचा जन्म १६४७ सालचा, फ्रान्समधील ब्लवा शहराच्या परिसरातला. घराणे प्रॉटेस्टंट पंथाचे. ही गोष्ट त्याला पुढे फार जड जाणार होती. शिक्षण वैद्यकाचे झाले. १६६९ मध्ये आँजे विद्यापीठाची पदवी मिळाली. पण रोगी तपासण्यापेक्षा यंत्रे जुळवण्यात त्याचे मन रमे. पॅरिसमध्ये त्या वेळी ख्रिस्तियान हायगेन्स हा मोठा डच शास्त्रज्ञ काम करीत होता. पापँ त्याचा साहाय्यक झाला. नळकांड्यात बंदुकीची दारू पेटवायची, तिच्या जोराने आतील हवा झडपांतून बाहेर घालवायची आणि मग बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली यायचा, असे त्यांचे प्रयोग चालत. कोंडलेल्या वायूचा स्वभाव पापँने तेथे जवळून पाहिला. लायब्निट्स या जर्मन तत्त्वज्ञाशी त्याची ओळखही पॅरिसलाच झाली.

१६७५ मध्ये तो लंडनला गेला आणि रॉबर्ट बॉइलच्या प्रयोगशाळेत लागला. बॉइलचा वायूविषयीचा नियम आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेला आहे. पापँने त्याच्यासाठी सुधारलेला वातपंप केला. हवा काढून घेतलेल्या आणि हवा दाबून भरलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या भांड्यांत त्यांनी अनेक प्रयोग केले. भांडे बंद केले की आतला दाब डोळ्यांना दिसत नाही आणि भांडे कधी हार खाईल ते सांगता येत नाही, ही अडचण अशा प्रयोगांत पावलोपावली येणारच.

याच अनुभवातून १६७९ साली त्याने आपले प्रसिद्ध पात्र रॉयल सोसायटीपुढे मांडले. जाड धातूचे भांडे, वर स्क्रूने आवळलेले झाकण. आत पाणी आणि हाडे. कोंडलेल्या वाफेमुळे पाणी नेहमीच्या १०० अंश सेल्सियसला उकळत नाही. त्याचे तापमान वर चढत जाते आणि टणक हाडेही मऊ होतात. पापँचा हेतू साधा होता. खाटीक टाकून देतात त्या हाडांतून गोरगरिबांना स्वस्त आणि पौष्टिक अन्न मिळावे. आपल्या घरातील कुकरचा हा मूळ पुरुष.

पण भांड्याहूनही महत्त्वाची गोष्ट त्याच्या झाकणावर होती. झाकणाला त्याने एक लहान छिद्र ठेवले. छिद्रावर झडप आणि झडपेवर एक तरफ. तरफेचे एक टोक खिळवलेले, दुसऱ्या टोकाकडे मागेपुढे सरकवता येणारे वजन. वजन दूर सरकवले की झडप जास्त दाब सोसते. जवळ आणले की लवकर उघडते. आपल्या बाजारातील एकदांडी काट्याचाच हा न्याय. आतील दाब ठरल्यापेक्षा वाढला की झडप आपोआप उचलली जाते, जास्तीची वाफ निघून जाते आणि झडप पुन्हा बसते. दाब मोजणे, तो आवरणे आणि वेळ आली तर त्याला वाट देणे, ही तिन्ही कामे एकाच साधनाने होत. आतील उष्णता अजमावण्यासाठी तो झाकणावरील खोलगट जागेत पाण्याचा थेंब टाकी आणि तो उडून जायला किती वेळ लागतो ते लंबकाच्या झोक्यांनी मोजी.

येथे थोडा हिशेब करून पाहू. कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम जास्त दाब असतो आणि पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते. शिट्टीखालचे छिद्र साडेतीन मिलिमीटर व्यासाचे धरले तर त्याचे क्षेत्रफळ जेमतेम एक दशांश चौरस सेंटिमीटर भरते. म्हणून तेवढा दाब रोखायला शंभरेक ग्रॅमची शिट्टी पुरते. तोच दाब २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर किती जोर लावतो? क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे ३१४ किलोग्रॅमचा जोर. तीन क्विंटलांचा हा जोर एरवी झाकण सहज पेलते, कारण शंभर ग्रॅमची शिट्टी त्याला आणखी वाढू देत नाही. नववीतल्या मुलाला हा हिशेब अवघड नाही. मी तो केला नव्हता.

१६८० मध्ये पापँ रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १६८१ मध्ये या पात्रावरचे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. राजा दुसऱ्या चार्ल्सने आपल्या प्रयोगशाळेसाठी असे पात्र करवून घेतले. १६८२ च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या काही सदस्यांना त्याने आपल्या पात्रात शिजवलेले जेवण वाढले आणि कठीण हाडेही मऊ झालेली पाहून मंडळी थक्क झाली. कौतुक पुष्कळ झाले. पोटापाण्याची सोय मात्र झाली नाही. तो व्हेनिसला गेला, तेथे काही वर्षे काढली, परत लंडनला येऊन सोसायटीत प्रयोग दाखवण्याचे तात्पुरते काम करू लागला.

१६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. पापँला मायदेशाचा रस्ता बंद झाला. मग जर्मनीत मारबुर्ग येथे गणिताचे प्राध्यापकपद आणि पुढे कासेलला हेसे-कासेलचा शासक कार्ल याचा आश्रय. १६९० मध्ये त्याने वाफ आणि दट्ट्या यांवर चालणाऱ्या इंजिनाची कल्पना लेखातून मांडली. नळकांड्यात थोडे पाणी तापवायचे, वाफेने दट्ट्या वर जातो. वाफ निवली की खाली पोकळी होते आणि हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकलतो. पुढच्या बाष्पयंत्रांचे बीज त्यात होते. १७०७ साली वाफेच्या जोराने पाणी उपसण्याच्या आपल्या यंत्रावर त्याने पुस्तक लिहिले.

त्याच वर्षी तो चाकांच्या वल्ह्यांची एक होडी घेऊन कुटुंबासह कासेलहून निघाला. फुल्डा नदीतून खाली जायचे आणि पुढे इंग्लंड गाठायचे असा बेत होता. ही जगातील पहिली आगबोट, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले आहे. ते खरे नाही, होडीवर वाफेचे इंजिन नव्हते. म्युंडेन येथे खालच्या नदीतील वाहतुकीचा हक्क नावाड्यांच्या संघाकडे होता. त्यांनी होडी अडवली आणि मोडून टाकली. पापँ साठीचा झाला होता.

तो लंडनला पोहोचला तेव्हा हायगेन्स, बॉइल, हूक यांपैकी कोणी हयात नव्हते. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष आता न्यूटन होते. पापँने एकामागून एक योजना सादर केल्या, प्रयोगांसाठी पैसे मागितले. हाती लागल्या त्या किरकोळ रकमा. १७१२ च्या जानेवारीतील त्याच्या एका पत्रानंतर त्याचा माग लागत नसे. मी विद्यार्थी असताना वाचलेल्या पुस्तकांत त्याच्या मृत्यूचे साल प्रश्नचिन्हासह असे. अलीकडे लंडनच्या सेंट ब्राइड चर्चच्या दफनवहीत त्याची नोंद सापडली आहे: ऑगस्ट १७१३. वय सहासष्ट. ज्याच्या झडपेने पुढे असंख्य जीव वाचले, त्याच्या थडग्यावर दगडसुद्धा नाही.

त्याच्या पश्चात झडपेचे काय झाले, ते सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. देझागुल्ये हाही फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबातील. तो इंग्लंडमध्ये विज्ञानाचा नामांकित व्याख्याता झाला. पापँची झडप बसवलेल्या वाफेच्या एका पंपाची हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. यंत्राची माहिती नसलेल्या एका माणसाने काम लवकर उरकावे म्हणून वजन तरफेच्या टोकाला सरकवले आणि वर आणखी एक जड लोखंड टांगले. यंत्र फुटले आणि तो माणूस मेला. पुढे रेल्वेच्या इंजिनांवरही चढ लवकर चढावा म्हणून झडपा आवळून ठेवण्याचा मोह चालकांना होई. शेवटी १८५५ च्या सुमारास जॉन रॅम्सबॉटम याने अशी झडप केली, की चालकाने तिची दांडी कशीही ओढली तरी ती आवळली जाऊ नये. मामांच्या टाकीवरचे शिशाचे सील हे त्याच विचाराचे फळ.

पापँ स्वतः सावध प्रयोगकर्ता होता. वजन सरकवता येण्याची सोय त्याने दाब मोजण्यासाठी ठेवली. आपल्यामागून येणारा माणूस तेच वजन घाईपोटी किंवा पैसे वाचवण्यासाठी वाढवील, हे त्याने बहुधा गृहीत धरले नव्हते. झडप उघडली म्हणजे काही बिघडले, असे आपल्याला वाटते. खरे तर बिघाड आत आधीच झालेला असतो, झडप तो सांगत असते. आमचा व्हॉल्व्ह तीन वेळा गेला तो वाईट होता म्हणून नव्हे. नळी साफ नव्हती, हे तो तीन वेळा सांगत होता.

आज आपल्या प्रयोगशाळेत नायट्रोजनचे सिलिंडर आहे. भरलेल्या सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलोग्रॅम दाब असतो. रेग्युलेटर तो कामापुरता खाली आणतो. आणि आतला दाब मर्यादेबाहेर गेला तर वाट देणारे साधन वेगळे असते. आवरणारे साधन आणि सोडणारे साधन यांची गल्लत करू नये, आणि दुसऱ्याला कधीही बुजवू नये, हे मी दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगतो. वसतिगृहात कुकर वापरणाऱ्या मराठी आणि कन्नड मुलामुलींना एवढीच विनंती, की झाकण लावण्यापूर्वी नळी उजेडाकडे धरून आरपार पाहावी आणि व्हॉल्व्ह गेला तर कंपनीचाच नवा बसवावा.

बोल्ट कोणी बसवला हे काकीला ठाऊक होते. झाकण वर्कशॉपमधून मी आणून दिले ते तिच्याच हातात. घरात सर्वांनी विचारले तेव्हा तिने माझे नाव घेतले नाही, आणि पुढेही कधी घेतले नाही. काकी आता नाही. हा लेख छापून येईल तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा कळेल.