कीलिंग बेटावर डार्विन

चार्लस् डार्विन हें नांव निघतांच आमच्यांतील कांहीं वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. परंतु आम्ही त्याच्या चरित्रांतील जो भाग सांगणार आहों, त्यांत त्या वादास जागा नाहीं.

तो १८०९ सालीं इंग्लंडांतील श्रूजबरी येथें एका डॉक्टराच्या घरीं जन्मला. बापानें त्यास आधीं वैद्यकीसाठीं एडिंबरोस व मागून पाळक व्हावा म्हणून केंब्रिजास पाठविलें. पण मुलाचें चित्त किड्यांत व दगडधोंड्यांत! डिसेंबर १८३१ मध्यें तो ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासास निघाला.

प्रवाळकीटक उथळ व उबदार पाण्यांतच वाढतात. मग अथांग समुद्रांत प्रवाळाचीं कंकणाकार बेटें उभीं राहिलीं कशीं? दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर असतांना डार्विनास उत्तर सुचलें. पूर्वीं तेथें पर्वत असावा. तो हळूहळू खचत गेला, कांठचे कीटक वर वर बांधीत राहिले, आणि शेवटीं पर्वत बुडून कडें तेवढें उरलें. तोंपर्यंत त्यानें खरा प्रवाळखडक पाहिलाहि नव्हता!

१ एप्रिल १८३६ रोजीं जहाज सुमात्र्यापासून सुमारें ६०० मैलांवरील कीलिंग बेटांस लागलें. काय तें प्राणिवैभव! झाडाझाडांवर समुद्रपक्षी बसलेले. एक शुभ्र, इवलेसें पांखरूं तर माणसाच्या तोंडाजवळ येऊन घिरट्या घाली. रिकाम्या शंखांत बिऱ्हाड थाटणारे खेकडे जिकडे तिकडे. नारळ सोलून, त्याच्या डोळ्यावर नांगीनें ठोकून खोबरें खाणाऱ्या मोठ्या खेकड्याची रीत त्यानें तेथील रहिवाशांकडून समजून घेतली. होडींतून कांसवाच्या पाठीवर उडी टाकून तें थकेपर्यंत घट्ट धरून ठेवणारे लोकहि त्यानें पाहिले.

परंतु त्याचें मन समुद्राच्या तळाशीं होतें. कप्तान फिट्झरॉयनें चरबी लावलेलें शिसें सोडून मापें घेतलीं. हा कप्तान मोठा धर्मनिष्ठ. पुढें डार्विनाशीं त्याचें बिनसलें, पण हीं मापें त्यानें कसून घेतलीं. १० वांवांच्या आंत चरबीवर जिवंत प्रवाळाचे ठसे उमटत. खोल जावें तसे ते कमी होऊन वाळू लागे. किनाऱ्यापासून २,२०० यार्डांवर तर ७,२०० फूट दोरी सोडूनहि तळ लागला नाहीं. बेट म्हणजे समुद्रांतला उंच पर्वतच होता.

१२ एप्रिलला जहाज निघालें. १८४२ सालीं डार्विनानें या विषयावर ग्रंथ लिहिला. पुष्कळ विद्वानांस तो पटला नाहीं. कोणी धनिकानें प्रवाळबेटास खोल भोंक पाडून पाहावें, अशी इच्छा त्यानें अखेरच्या काळांत बोलून दाखविली. १८८२ सालीं तो वारला.

पुढें १८९० नंतर फुनाफुटी बेटावर १,१०० फुटांखालीं जाऊनहि प्रवाळाचाच दगड लागला. शेवटीं १९५२ सालीं पॅसिफिकांतील एनिवेटॉक बेटावर ४,००० फुटांहून अधिक खोल गेल्यावर छिद्रकास ज्वालामुखीचा काळा खडक लागला.