टाकळघाटचा नाला

चंद्रपूरहून नागपूरला जाताना बुटीबोरी आली, की मला एरास्मा आठवते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ठाऊक असतं सगळ्यांना. ही त्या स्टीफन हिस्लॉप यांची बायको. १८४४ साली लग्न झालं आणि १८४५ च्या फेब्रुवारीत बिऱ्हाड थेट नागपुरात! ना भाषा येत, ना ऊन सोसत.

नवरा मिशनरी, पण छंद जगावेगळा. शाळा, प्रवचनं आटोपली, की दगड फोडायचे. आपल्या चंद्रपूरकडच्या मांगलीची, बेडकाच्या दूरच्या नात्यातल्या प्राण्याची दगड झालेली कवटी त्यांच्यामुळेच लंडनला पोचली. घर असल्या दगडांनी भरत असेल तेव्हा आवरत कोण असेल, हे आपण बायकांनीच ओळखायचं!

४ सप्टेंबर १८६३. टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहून हिस्लॉप घोड्यावरून परतत होते. नाल्याला पूर आला होता. त्यात ते बुडाले. शेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. एरास्मा आणि मुलं मागे राहिली.

गोंडांचं लिंगोचं गाणं त्यांनी परधानांकडून उतरवून घेतलं होतं. ते कागद रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापले, म्हणून वाचले.