दुर्गाबाई देशमुख

आंध्रातील राजमहेंद्री येथे १५ जुलै १९०९ रोजी दुर्गाबाईंचा जन्म झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. परंतु जाणत्या झाल्यावर त्यांनी तो बालविवाह नाकारला. मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल १९३० मध्ये त्यांना कारावास घडला. तुरुंगात त्यांना अनेक निरक्षर स्त्रिया भेटल्या. कायद्याच्या अज्ञानामुळे झालेली त्यांची दैना पाहून दुर्गाबाईंनी कायदा शिकण्याचा निश्चय केला.

मात्र त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षणच अपुरे राहिले होते. म्हणून सुटकेनंतर, वयाची विशी उलटल्यावर, खासगी रीतीने अभ्यास करून त्या बनारस हिंदू विश्वविद्यालयाची मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. १९४२ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली.

स्वतः चाललेली वाट त्यांनी इतर स्त्रियांसाठीही खुली केली. १९३७ मध्ये मद्रास येथे स्थापन केलेल्या आंध्र महिला सभेत मुलींची त्याच मॅट्रिक परीक्षेसाठी तयारी करून घेतली जाई. पुढे त्या संविधान सभेच्या सदस्य झाल्या. १९५३ मध्ये त्यांचा चिंतामणराव देशमुख यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी त्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

या मंडळाने १९५८ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. शाळा सुटलेल्या स्त्रियांना त्यामुळे थोड्या काळात शालेय परीक्षा देता येऊ लागली. त्यानंतर परिचारिका, शिक्षिका किंवा ग्रामसेविका होण्याचा मार्ग त्यांच्यासाठी मोकळा झाला.

९ मे १९८१ रोजी दुर्गाबाईंचे निधन झाले. शिकण्याचे वय कधीच सरत नाही, हे त्यांनी आधी स्वतःच्या आयुष्यात सिद्ध केले आणि मग इतरांसाठी त्याची सोय केली.