माळावरचं गाव आणि शाहू महाराज

मुलांनो, राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत राखीव जागा ठेवल्या, राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, हे तुम्हाला पाठच आहे. पण कारभार हाती येताच त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं, ते फारसं कोणी सांगत नाही.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक आले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला. वय अवघं १९! १८९६ साली पावसाने दडी मारली नि दुष्काळ पडला. धडधाकट माणसं दुष्काळी कामावर गेली. पण म्हाताऱ्याकोताऱ्यांचं काय? ज्यांना खडी फोडता येत नाही, ज्यांना सांभाळायला कोणी नाही, त्यांच्यासाठी महाराजांनी निराधार आश्रम काढले.

त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच प्लेग आला. आधी घरात उंदीर पटापट मरून पडत, मग त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसांना चावत. पिसवांचं हे कारण एका फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत शोधलं, पण जगाला ते पटायला बरीच वर्षं गेली. उंदीर पडले की गाव सोडायचं, एवढं मात्र लोकांना कळलं होतं. महाराजांनी रयतेला गावाबाहेर माळावर झोपड्यांत राहायला लावलं आणि त्यासाठी मदत दिली. हाफकिन साहेबांनी १८९७ साली मुंबईत लस तयार केली होती, तीही टोचून घ्यायला लावली. लोक सुईला फार भीत.

आणि घर सोडणं का सोपं असतं? दावणीला म्हैस, कणगीत जोंधळं, खाटेवर आजी. आजी हलायला तयार नाही. ती मागे राहिली की तिला भाकरी द्यायला घरचं कोणीतरी रोज गावात येणार, आणि पिसवा तर तिथंच! कोरोनात २०२० साली वृद्धाश्रमात लेकाला आईची भेट मिळेना, तसाच हा पेच. पुण्यात १८९७ साली गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, तेव्हा लोक भयंकर चिडले होते. आपल्याकडे महाराज स्वतः फिरून रयतेची विचारपूस करीत.

प्लेग पुढेही कितीतरी वर्षं येत-जात राहिला. महाराजांचं निधन ६ मे १९२२ रोजी मुंबईत झालं. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते.